पत्रकारितेची पदवी : दार बारावीनंतर उघडते, गाडी अडते शेवटच्या १२० तासांत

बारावीचा निकाल ५ मे २०२५ रोजी लागला. तेव्हापासून नायगाव, परळ, लालबाग, वरळी या भागातील बौद्ध तरुण-तरुणींचे आणि त्यांच्या पालकांचे फोन आम्हाला येत आहेत. नर्सिंग, लॉ, इंजिनिअरिंगबद्दल विचारणारे नेहमीचेच. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रश्न वाढला आहे. "पत्रकार व्हायचे आहे, कुठे प्रवेश घ्यायचा?" हे विचारणाऱ्यांपैकी अनेक जण आधीपासूनच काही ना काही करत असतात. कुणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे व्हिडिओ करते, कुणी चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकांचे इतिवृत्त लिहून व्हॉट्सअॅपवर टाकते, कुणी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या माणसांच्या मुलाखती घेते. त्यांना आता ते काम शिकून, पगार घेऊन करायचे आहे.

या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर सोपे आहे. बारावी कोणत्याही शाखेतून पास झालेला विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या जनसंवाद पदवीसाठी अर्ज करू शकतो. आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा इथेच, म्हणजे प्रवेश, कट-ऑफ आणि राखीव जागा यांवर संपते. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. प्रवेशात अडचणी आहेतच, पण आपल्या मुलांची खरी गळती पदवीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बाहेर पडण्याच्या अटींमध्ये होणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने त्या अटी बदलल्या आहेत आणि चळवळीने त्यांच्याकडे अजून नीट पाहिलेले नाही.

आधी नावाचा घोळ सोडवू. पूर्वीची बीएमएम, म्हणजे बॅचलर ऑफ मास मीडिया, २०१९-२० पासून बीएएमएमसी झाली. पूर्ण नाव बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन. नावात पत्रकारिता हा शब्दच नाही, म्हणून कित्येक मुले माहितीपुस्तिकेत शोधत बसतात. २०१९-२० च्या रचनेत पहिली दोन वर्षे सर्वांना सारखी होती आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात हे निवडावे लागे. नव्या रचनेत कोणत्या सत्रात काय निवडायचे, हे ज्या कॉलेजात जायचे त्याच्या अभ्यासक्रमातच पाहून घ्यावे, कारण स्वायत्त कॉलेजांची मांडणी वेगवेगळी आहे.

दुसरा घोळ सीईटीचा. २०२४-२५ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि त्यांना राज्याची सीईटी लागली. बीएएमएमसी त्यात नाही. "सीईटी दिली नाही, आता मीडिया मिळणार नाही" असे समजून एखादी मुलगी अर्जच भरत नसेल, तर तिला आजच सांगा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करायची आणि त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा भरायचा. या दोन पायऱ्या आहेत. पहिली करून दुसरी राहिली, म्हणून गुणवत्ता यादीत नावच आले नाही, असे दरवर्षी घडते. काही कॉलेजे स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात. बीएमएमच्या काळापासून या पदवीच्या जागांची शाखानिहाय विभागणी कला ५०, वाणिज्य २५ आणि विज्ञान २५ टक्के अशी चालत आली आहे. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्याने बिचकण्याचे काहीच कारण नाही.

आता जागांचा हिशेब. अनुसूचित जातींना राज्यात १३ टक्के आरक्षण आहे. साठ जागांची तुकडी धरली तर सात-आठ जागा होतात, आणि त्या राज्यातील ५९ अनुसूचित जातींच्या मिळून. पण दक्षिण मुंबईत ज्या कॉलेजांच्या नावाला माध्यमांच्या जगात वजन आहे, त्यांतील बरीच अल्पसंख्याक संस्थांची आहेत. झेवियर्स आणि विल्सन ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था आहेत, जय हिंद आणि के. सी. सिंधी भाषिक अल्पसंख्याक. संविधानाच्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था वगळलेल्या आहेत आणि अशा कॉलेजांना अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. याचा साधा अर्थ असा की चर्चगेट ते गिरगाव चौपाटी या पट्ट्यात आपल्या मुलाला खुल्या गटातल्या उरलेल्या जागांसाठी झगडावे लागते. अल्पसंख्याकांच्या हक्काला आमचा विरोध नाही. बौद्ध हाही १९९३ पासून केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्याक समाज आहे, हे आपणच विसरतो. पण अर्ज भरताना कुठे आरक्षण आहे आणि कुठे नाही हे माहीत असले पाहिजे. पाचही अर्ज अल्पसंख्याक कॉलेजांचे भरून पहिल्या दोन याद्या हातच्या घालवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. माटुंग्याचे रुईया, परळचे महर्षी दयानंद यांसारख्या अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या कॉलेजांचे अर्ज यादीत असायलाच हवेत.

त्याहून मोठा अडथळा पैशांचा. बीएएमएमसी बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालते. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर अनुदानित बीएची फी आणि या अभ्यासक्रमाची फी यांत कित्येक पटींचा फरक असतो. कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्याहून जास्त असेल तर अनुसूचित जातींसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत, म्हणजे आपण ज्याला फ्रीशिप म्हणतो ती आहे. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर होतो. गेल्या वर्षी मुलींच्या मोफत शिक्षणाची बातमी खूप गाजली. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींसाठी आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

शिष्यवृत्तीची रक्कम येण्याची पद्धत २०२१-२२ पासून बदलली, आणि इथे बरेच पालक गोंधळतात. केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. तो घरखर्चाचा पैसा नसतो, त्यात कॉलेजची फीही असते. खात्यात पैसे आले की घरात आजारपण असते, भाड्याच्या घराचे डिपॉझिट असते, आणि रक्कम खर्च होते. वर्षअखेरीस कॉलेज फी मागते. हॉल तिकीट अडते. यात मुलाची चूक किती आणि व्यवस्थेची किती, यावर वाद घालता येईल, पण रक्कम आल्या दिवशी कॉलेजचा वाटा वेगळा काढणे हा एकच उपाय आम्हाला दिसतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेण्याआधी शिष्यवृत्ती मिळणार का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे. एकदा पावती फाडली की मग विचारण्यात अर्थ नसतो.

म्हणूनच आम्ही अनेकांना एक सल्ला देतो, जो त्यांना सुरुवातीला आवडत नाही. घरची ओढाताण फार असेल तर अनुदानित कॉलेजात समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मराठी घेऊन बीए करा आणि पत्रकारिता पदवीनंतर शिका. मुंबई विद्यापीठाच्या संज्ञापन व पत्रकारिता विभागाचे एमए कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले आहे. कालिन्याच्या गरवारे संस्थेत आणि आझाद मैदानाजवळच्या मुंबई मराठी पत्रकार संघात पत्रकारितेचे वर्ग चालतात. नोकरी करणाऱ्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. या संस्थेसाठी मात्र केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. बौद्ध विद्यार्थ्यांनी ही बाब शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी दाखल्यावर जात आणि धर्म कसा लिहायचा यावरून तहसील कार्यालयात आजही हेलपाटे पडतात.

फोर्टमध्ये आनंद भवनात सिद्धार्थ कॉलेज ऑफ मास कम्युनिकेशन अँड मीडिया आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. सोसायटीतल्या वादांवर आपण जेवढे बोलतो त्याच्या निम्मे तरी या कॉलेजाबद्दल बोललो असतो, तर आम्हाला फोन करणाऱ्या मुलांना त्याचे नाव पहिल्यांदा आमच्याकडून ऐकावे लागले नसते.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. मराठी माध्यमातून शिकवणाऱ्या तुकड्या मोजक्या कॉलेजांत आहेत. बाकी ठिकाणी वर्ग इंग्रजीत चालतो. महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा पहिल्या सत्रात गप्प बसतो आणि त्याचे गप्प बसणे अंतर्गत गुणांत मोजले जाते. अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रपरीक्षा या दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावे लागत असल्यामुळे लेखी परीक्षेत चांगले लिहूनही सादरीकरणापायी विषय राहतो. आपल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात तसा पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा बोलण्याचा सराव घेता येईल. त्याला फार खर्च नाही.

आता मूळ मुद्दा. राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या धोरणानुसार पदवीची चौकट ठरवली. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून आणि मुंबई विद्यापीठाच्या इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. या चौकटीत पदवी वर्षांवर नव्हे, तर क्रेडिटवर मोजली जाते. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. त्यात मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले वैकल्पिक, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण अशी विभागणी आहे. पहिल्या वर्षी 'भारतीय ज्ञानप्रणाली' नावाचे दोन क्रेडिटही आहेत. जाता जाता सांगायचे तर नालंदा, तक्षशिला आणि पाली साहित्य हीसुद्धा भारतीय ज्ञानप्रणालीच आहे. असाइनमेंटचा विषय निवडायची मुभा असेल तर आपल्या विद्यार्थ्यांनी ती वापरावी, प्राध्यापक नाही म्हणाले तर कारण लेखी मागावे.

या चौकटीतील सर्वांत गाजलेली सोय म्हणजे मधूनच बाहेर पडण्याची. एक वर्ष करून ४० ते ४४ क्रेडिट मिळवले आणि जोडीला चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. क्रेडिट बँकेत जमा राहतात. ऐकायला हे स्वातंत्र्य वाटते. पण एका वर्षानंतर बाहेर कोण पडणार? कफ परेडच्या मुलाला एक वर्षाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. बाहेर पडणार तो, ज्याच्या वडिलांचे कंत्राटी सफाईचे काम सुटले आहे. पूर्वी त्याला शिक्षण सोडलेला म्हणत, निदान आकडेवारीत तो गळती म्हणून दिसे. आता तो प्रमाणपत्रधारक म्हणून दिसेल. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजांबद्दल असेच निरीक्षण मांडले होते. विद्यार्थ्याला थेट नापास न करता, सन्मानाने छोट्या मार्गावर वळवले जाते आणि त्याची मोठी अपेक्षा हळूहळू थंड केली जाते, असे ते होते. मुंबईतील मीडियाच्या वर्गात हेच घडेल की नाही, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत दिसेल. आपल्या वस्तीत कुणी पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबत असेल तर त्याला विचारा, तू थांबलास की थांबवला गेलास?

आणि शेवटी ओजेटी, ऑन जॉब ट्रेनिंग. चौकटीप्रमाणे तिसऱ्या सत्रात फील्ड प्रोजेक्ट, चौथ्यात समाजसहभाग प्रकल्प, पाचव्यात या दोहोंपैकी एक, आणि सहाव्या सत्रात चार क्रेडिटचे ओजेटी आहे. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. दिवसाचे सहा तास धरले तर वीस दिवस. हे क्रेडिट नसतील तर पदवी नाही. पूर्वी इंटर्नशिप ही हुशार, ओळखीपाळखीच्या मुलांची हौस होती. आता ती प्रत्येकासाठी पास होण्याची अट झाली आहे. २०२४-२५ ला आलेली तुकडी २०२७ च्या सुरुवातीला सहाव्या सत्रात असेल, यंदा प्रवेश घेणारी २०२८ मध्ये.

कॉलेज काही ठिकाणी जागा मिळवून देते, पण चांगली जागा ओळखीनेच मिळते. कुणाचा मामा वाहिनीत असतो, कुणाची आत्या जाहिरात संस्थेत. आपल्या मुलांना मामा-आत्या भरपूर, पण त्या क्षेत्रात नाहीत. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. साध्या भाषेत फोन उचलणारा माणूस. शिवाय ही वीस दिवसांची कामे बहुधा बिनपगारी असतात. जो मुलगा कॉलेज सुटल्यावर मेडिकल स्टोअरमध्ये उभा राहतो किंवा डिलिव्हरी करतो, त्याची त्या वीस दिवसांची कमाई बुडते.

ही परिस्थिती परळच्या माणसाला नवी वाटू नये. आज लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागेवर वाहिन्या आणि जाहिरात संस्थांच्या काचेच्या कचेऱ्या आहेत. त्याच गिरण्यांमध्ये आपल्या आजोबा-पणजोबांना नोकरी मिळत होती, पण विणकाम खात्यात नाही. तुटलेला धागा ओढून घेताना तोंड लावावे लागे, म्हणून स्पृश्य कामगार त्यांना त्या खात्यात येऊ देत नसत, आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. गिरणीचा दरवाजा खुला होता, आतले एक दार बंद होते. आजच्या न्यूजरूममध्येही आपली माणसे दिसतात. कॅमेरा उचलताना, गाडी चालवताना, मजकूर टाइप करताना दिसतात. आज काय बातमी आहे हे जिथे ठरते, त्या टेबलावर ती फारशी दिसत नाहीत.

हे आमचे मत म्हणून सोडून देऊ नका, यावर मोजणी झाली आहे. बी. एन. उनियाल यांनी १९९६ मध्ये 'द पायोनियर'मध्ये लिहिले की दिल्लीत त्यांना एकही दलित पत्रकार सापडला नाही. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या राष्ट्रीय माध्यमांमधील ३१५ निर्णयकर्त्या पदांची पाहणी केली, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे कुणीही नव्हते. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालात १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदे सवर्णांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तेवीस वर्षांत सरकारे बदलली, वाहिन्या आल्या, मोबाइल आला, तो शून्य तिथेच राहिला. याचा परिणाम काय होतो हे आपण २९ सप्टेंबर २००६ नंतर पाहिले. खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि मोठ्या माध्यमांना ती बातमी वाटायला आठवडे लागले. कार्यकर्ते गावात पोहोचले, त्यांनी माहिती गोळा केली, लोक रस्त्यावर उतरले, त्यानंतर कॅमेरे आले.

इथे चळवळीतील काही ज्येष्ठ आम्हाला विचारतात की मग पदवीच्या मागे कशाला लागता? पत्रकार होण्यासाठी कायद्याने पदवी लागतच नाही. हे खरे आहे. २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवायला समिती नेमली होती, तिच्यात पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाच्या उज्ज्वला बर्वेही होत्या. तशी सक्ती आजवर आलेली नाही, आणि येऊ नये असेच आमचे मत आहे, कारण तिचा पहिला फटका गावोगावच्या आपल्या बातमीदारांना बसेल. बाबासाहेबांचे उदाहरणही दिले जाते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, त्याची कचेरी परळच्या पोयबावडीत होती. त्यानंतर १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९२८ ला 'समता', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. पुलित्झर यांच्या देणगीतून निघालेली पत्रकारितेची शाळा तिथे १९१२ मध्येच सुरू झाली होती, पण ते शिकले अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास.

युक्तिवाद ऐकायला चांगला आहे, पण अर्धाच आहे. बाबासाहेबांना कुणाच्या न्यूजरूममध्ये नोकरी मागायची नव्हती, त्यांनी स्वतःचे पत्र काढले, छापखाना उभा केला. दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण छापखाना जून २०१६ मध्ये एका रात्रीत पाडला गेला, तेव्हा आपण रस्त्यावर आलो ते याच वारशासाठी. आजच्या मुलीला मात्र दोन्ही वाटा हव्या आहेत. स्वतःचे माध्यम हवे आणि मोठ्या वर्तमानपत्राच्या डेस्कवरची खुर्चीही हवी. त्या खुर्चीच्या अर्जात पदवीचा रकाना असतो. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील पदांसाठीही पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागितली जाते. तो रकाना रिकामा ठेवून क्रांती होत नाही, अर्ज बाद होतो.

तेव्हा समाज म्हणून जे आपल्या हातात आहे ते म्हणजे हे १२० तास. बौद्ध समाजाची पाक्षिके, मासिके, संकेतस्थळे, यूट्यूब चॅनेल मुंबईत कमी नाहीत. त्यांना माणसांची कायम चणचण असते. दुसरीकडे आपलीच मुले ओजेटीसाठी अनोळखी कचेऱ्यांच्या स्वागतकक्षात बसून राहतात. या दोन गोष्टी जोडायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त काम नीट कागदावर आणावे लागते. चौदा एप्रिल सहाव्या सत्रात येतो, सहा डिसेंबर पाचव्याच्या आसपास. चैत्यभूमीची बातमी म्हणजे दादरची वाहतूक आणि कचरा, असे दरवर्षी छापून येते म्हणून आपण चिडतो. पाचव्या सत्राच्या फील्ड प्रोजेक्टमध्ये पाच विद्यार्थ्यांनी शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर कोणती पुस्तके किती खपली याची नोंद केली, तर ती एक खरी बातमी होईल आणि दोन क्रेडिटही मिळतील.

दुसरा विषय मोजणीचा. वर सांगितलेल्या पाहण्या प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदी माध्यमांच्या आहेत, २०१९ च्या अहवालात मराठी वर्तमानपत्रे नव्हती. मुंबईतील मराठी दैनिकांच्या संपादकीय पानावर वर्षभरात कोण लिहिते, पहिल्या पानावर कोणाच्या नावाने बातमी येते, चर्चेच्या कार्यक्रमात कोणाला बोलावले जाते, हे तिसऱ्या सत्रातला विद्यार्थीही मोजू शकतो. आडनावावरून जात ठरवण्याच्या मर्यादा आहेत, विशेषतः आपल्याकडे अनेकांनी आडनावे बदललेली असताना. त्यामुळे पद्धत काळजीपूर्वक आखावी लागेल. त्यासाठी समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि आमच्यासारखे लोक मदत करू शकतात.

माध्यमे चालवणाऱ्या मित्रांसाठी दोन गोष्टी. ओजेटीचे पत्र मान्य करताना कॉलेज साधारणपणे संस्थेची नोंदणी, लेटरहेड, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव, रोजच्या हजेरीची नोंद आणि शेवटी मूल्यमापनाचा अभिप्राय मागते. फक्त फोन नंबरवर चालणाऱ्या पोर्टलला हे देता येणार नाही. नियतकालिक असेल तर त्याची नोंदणी मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याखाली येते, डिजिटल असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे माहिती व प्रसारण मंत्रालयाला तपशील द्यावा लागतो. ज्यांची नोंदणी ट्रस्टच्या नावाने आहे त्यांनी ट्रस्टचा ठराव करून ठेवावा. आणि विद्यार्थ्याला या वीस दिवसांचा निदान प्रवासखर्च आणि जेवण द्यावे. ते जमत नसेल तर विहाराच्या समितीकडे मागावे, वर्षावासाच्या दानातून दोन विद्यार्थ्यांचा लोकल पास सहज निघतो.

स्वायत्त कॉलेजांतील पहिली तुकडी २०२६ च्या जानेवारीपासूनच सहाव्या सत्रात जाईल. म्हणजे पत्रे, हजेरीचे नमुने आणि देखरेख करणाऱ्यांची नावे यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तयार हवीत. ज्या संपादकांना एक किंवा दोन विद्यार्थी घेता येतील त्यांनी आपले विषय आणि वेळ आत्ताच जाहीर करावी. दादर-परळ भागातील विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम आम्ही सुरू केले आहे.